मेडिक्लेम नाकारला? आधी कारण कागदावर घ्या

आईच्या केस पेपरवर कॅज्युअल्टीतल्या निवासी डॉक्टरने रात्री दोनच्या सुमाराला लिहिलं होतं, 'एचटीएन, १ वर्ष', म्हणजे एक वर्षापासून उच्च रक्तदाब. त्या एकच्या शेजारी पेन टेकून एक बारीक गोल उमटला होता. विमा कंपनीने तो आकडा दहा असा वाचला. म्हणजे आईला दहा वर्षांपासून रक्तदाब होता आणि पॉलिसी घेताना आम्ही तो लपवला. दावा नामंजूर.

ही गोष्ट नोव्हेंबर २०२२ ची. अँजिओप्लास्टीचं बिल २,८४,६०० रुपये होतं आणि ते आम्ही मोडलेल्या एफडीतून भरलं. पैसे परत मिळायला सात महिने लागले. तेव्हापासून लालबागच्या आमच्या इमारतीत आणि नात्यात कुणाचा मेडिक्लेम अडकला की फाइल माझ्या टेबलावर येते. मी वकील नाही, एजंटही नाही. पण वीसेक फाइली वाचल्यावर माणसं नेमकी कुठे हरतात ते दिसायला लागतं. बहुतेक जण पहिल्या ईमेललाच हात टेकतात.

लोकांचा संताप उगाच नाही. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, २०२३-२४ च्या वार्षिक अहवालानुसार देशात सुमारे १.१७ लाख कोटी रुपयांचे आरोग्य दावे कंपन्यांपुढे होते आणि त्यांतले ८३,४९३ कोटी दिले गेले. उरलेलं सगळंच नाकारलं असं नव्हे, काही प्रलंबित होतं, काही पॉलिसीच्या अटींमुळे कापलं गेलं. पण ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याला 'कापलं' आणि 'नाकारलं' यांतला फरक बिलाच्या काउंटरवर उभं असताना फारसा जाणवत नाही.

आजच करायचं काम: प्रस्ताव अर्ज काढा

पॉलिसीच्या जाड पुडक्यात शेवटी कुठेतरी तुमच्या प्रस्ताव अर्जाची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या फॉर्मची, प्रत असते. नसेल तर कंपनीला ईमेल करून मागवा. त्यातला आजारांचा तक्ता नीट बघा. मी पाहिलेल्या निम्म्याहून जास्त अर्जांत सगळीकडे 'नाही' असं होतं, आणि तो अर्ज एजंटने किंवा फोनवरच्या मुलाने भरलेला होता. "काका, लिहिलंत तर प्रीमियम वाढेल," असं सांगून थायरॉइडची गोळी गाळलेली असते. सही मात्र काकांची असते.

पॉलिसी नवी असेल तर हातात आल्यापासून ३० दिवस ती परत करण्याची मुभा असते. ते दिवस याच कामाला वापरा. जुनी असेल आणि काही गाळलेलं आढळलं, तर कंपनीला स्वतःहून लेखी कळवा. ती कदाचित प्रीमियम वाढवेल किंवा त्या आजाराला प्रतीक्षा काळ लावेल, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा दावा मिळणार नाही. काही पॉलिसी रद्दही होऊ शकतात, हे मी लपवणार नाही. तरी आयसीयूच्या दारात ते उघड होण्यापेक्षा हे बरं.

पॉलिसीसोबत ग्राहक माहितीपत्रक देणं आता कंपनीला बंधनकारक आहे. पन्नास पानं वाचवत नसतील तर ते वाचा. त्यातल्या चार गोष्टी पेन्सिलने खुणा करून ठेवा: खोलीभाड्याची मर्यादा, को-पे (बिलातला तुम्ही स्वतः भरायचा ठरावीक टक्का), आजारनिहाय मर्यादा (मोतीबिंदू, गुडघा वगैरे) आणि प्रतीक्षा काळ. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३ वर्षं ठेवता येतो, पूर्वी तो ४ वर्षं होता.

त्याच वेळी बदललेली दुसरी तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. पॉलिसी सलग ५ वर्षं चालू असेल तर त्यानंतर 'माहिती दडवली' हे कारण देऊन दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. आधी ही मुदत ८ वर्षं होती. मध्ये विमा रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेची ५ वर्षं वाढवल्या दिवसापासून मोजतात. म्हणून पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या पॉलिसी जपून ठेवा. रद्दीत देऊ नका.

कॅज्युअल्टीत कोण काय बोलतंय त्याकडे लक्ष द्या

दाव्याचं भवितव्य पुष्कळदा दाखल होतानाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत ठरतं. रुग्ण कण्हत असतो, सोबतचा पुतण्या घाबरलेला असतो. डॉक्टर विचारतात, "बीपी कधीपासून?" आणि पुतण्या म्हणतो, "खूप वर्षं झाली." हे 'खूप वर्षं' कागदावर आकडा होऊन बसतं आणि पुढे तोच पुरावा ठरतो.

घरच्या एका माणसाच्या मोबाइलमध्ये प्रत्येकाची एक छोटी टीप असू द्या: कुठला आजार, कुठल्या महिन्यात कळला, कुठली गोळी, किती मिलिग्रॅम. डॉक्टरांना ती वाचून दाखवा. नक्की माहीत नसेल तर "नक्की माहीत नाही" असंच सांगा. खोटं सांगा असं मी म्हणत नाही. उपचारासाठी डॉक्टरांना खरंच कळलं पाहिजे, पण अंदाज सांगू नका. दुसऱ्या दिवशी राउंडला येणाऱ्या डॉक्टरांना इतिहासाची नोंद बघायला सांगा. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती करून सही-तारीख घ्या. डिस्चार्जनंतरच्या दुरुस्तीकडे कंपनी संशयाने बघते.

त्यानंतर टीपीए डेस्क. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दाव्यांचं काम बघणारी संस्था. ठरवून होणारं ऑपरेशन असेल तर कॅशलेसची विनंती किमान ४८ तास आधी जाऊ द्या. अचानक दाखल व्हावं लागलं तर २४ तासांच्या आत कळवा. २९ मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीने कॅशलेसच्या विनंतीवर १ तासात निर्णय द्यायचा असतो. हॉस्पिटलने विनंती नेमकी किती वाजता अपलोड केली ते डेस्कवर विचारा आणि लिहून ठेवा. उशीर कुणाच्या बाजूने झाला हे ठरवायला तीच वेळ लागते.

मुंबईत कॅशलेसचा भरवसा किती ठेवायचा, हे २०१० साली आपण पाहिलं आहे. त्या वर्षी १ जुलैपासून चार सरकारी विमा कंपन्यांनी इथल्या अनेक मोठ्या खासगी हॉस्पिटलांतली कॅशलेस सोय बंद केली आणि ठरावीक दरांना तयार होणाऱ्या हॉस्पिटलांची वेगळी यादी केली. म्हणून मी सगळ्यांना सांगते, नेटवर्कची यादी पॉलिसी घेतानाची धरू नका. दाखल होण्याच्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा.

आणि कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा नाकारला असं नसतं. पुष्कळदा 'या कागदांवरून आत्ता ठरवता येत नाही' एवढाच त्याचा अर्थ असतो. पैसे भरून उपचार घ्या आणि नंतर परतफेडीचा दावा करा. कॅशलेस नाकारल्याचं पत्र मात्र घेऊनच निघा.

खोली निवडताना थांबा

खोलीभाड्याची कात्री लोकांना सगळ्यात महाग पडते, आणि बिल हातात येईपर्यंत दिसत नाही. समजा विमा ३ लाखांचा आहे आणि खोलीभाडं रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये, मंजूर आहे. शेअरिंग भरलेलं होतं म्हणून तुम्ही ६,००० ची खोली घेतली. तुम्हाला वाटतं, वरचे ३,००० आपण भरू. पण खोलीनुसार हॉस्पिटलचे बाकीचे दरही वाढतात, म्हणून कंपनी सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, व्हिजिट हे सगळं त्याच प्रमाणात, इथे निम्म्यावर आणते. हे खर्च १,२०,००० असतील तर ६०,००० तुमच्या खिशातून जातात, शिवाय भाड्याचा फरक वेगळा.

इथे एक तपासणी करायलाच हवी. ऑक्टोबर २०२० पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे अशी प्रमाणशीर कपात औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट, वैद्यकीय उपकरणं आणि तपासण्यांवर करता येत नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. हॉस्पिटल खोलीप्रमाणे दर बदलतच नसेल, तर ती मुळीच करता येत नाही. माझ्या मावसभावाच्या सेटलमेंट शीटमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटवरही कात्री चालवली होती. शीटमधली ओळ आणि नियम दाखवून एक ईमेल केला आणि ४१,००० रुपये परत आले. त्याने आधी ते पैसे सोडूनच दिले होते.

स्वस्त खोली शिल्लक नसल्यामुळे वरची घ्यावी लागली असेल, तर 'पात्र वर्गात खोली उपलब्ध नव्हती' असं हॉस्पिटलकडून लिहून घ्या. कंपनी ते मानेलच असं नाही, पण पुढे तक्रार विमा लोकपालासमोर गेली तर तिथे तो कागद बोलतो.

डिस्चार्जच्या दिवशी

डॉक्टर सकाळी दहाला "घरी जा" म्हणतात आणि माणूस रात्री आठला बाहेर पडतो. हा अनुभव मुंबईत कुणाला नाही? २०२४ च्या त्याच परिपत्रकानुसार हॉस्पिटलची विनंती पोचल्यापासून ३ तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. त्यापुढच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकारलं तर तो भार कंपनीवर. बिलिंगवाल्यांना शांतपणे विचारा, "फायनल बिल टीपीएला किती वाजता गेलं?" पुष्कळदा ते गेलेलंच नसतं.

निघण्यापूर्वी डिस्चार्ज समरी ओळ न् ओळ वाचा. आजाराचा इतिहास, दाखल करण्याचं कारण, तारखा, वय, नावाचं स्पेलिंग, सगळं. सोबत घ्यायचे कागद: तपशीलवार ब्रेकअप बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, सगळे रिपोर्ट, इम्प्लांट असेल तर त्याचं स्टिकर आणि बिल. इनडोअर केस पेपरच्या प्रतीसाठी लेखी अर्ज द्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात, आणि रुग्णाला आपले कागद मिळायलाच हवेत हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितलं आहे. रेकॉर्ड रूममधला माणूस "फक्त कंपनीला देतो" म्हणाला तर अर्जावर पोच घ्या आणि बाहेर पडा. पोच घेतल्यावर कागद लवकर सापडतात, असा माझा अनुभव आहे.

हातमोजे, मास्क, नेब्युलायझर किट अशा ६८ वस्तूंची एक यादी आहे, त्या बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत. त्यावर भांडण्यात वेळ घालवू नका. पुढच्या नूतनीकरणाला कन्झ्युमेबल्सचं कव्हर मिळतंय का ते बघा.

नकार आला. आता?

आधी बघा, पत्र कुणाचं आहे. टीपीए कागद गोळा करून शिफारस करतं. दावा नाकारण्याचा निर्णय विमा कंपनीचा असतो, आणि २०२४ पासून कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय तो घेता येत नाही. पत्रात पॉलिसीतलं नेमकं कलम दिलेलं असायला हवं. 'ॲज पर टर्म्स अँड कंडिशन्स' एवढंच लिहून आलं असेल तर त्याच दिवशी उलट ईमेल करा: कुठल्या कलमाखाली, कुठल्या कागदाच्या आधारे, आणि समितीने मंजुरी कधी दिली?

हे विचारण्यामागे कायदेशीर कारण आहे. नकाराच्या पत्रात नसलेलं कारण कंपनीला पुढे कोर्टात काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात सांगितलं. तो खटला कोळशाच्या साठ्याच्या विम्याचा होता, तत्त्व मात्र मेडिक्लेमलाही लागतं. कारण एकदा कागदावर आलं की तुमची लढाई तेवढ्याच कारणाशी राहते.

मग त्या कारणाला उत्तर द्यायचं, फक्त त्याच कारणाला. आम्ही तीस वर्षं प्रीमियम भरतोय, आमच्यावर अन्याय झालाय, हे सगळं खरं असतं, पण पत्राच्या पहिल्या पानावर ते नको.

सगळ्यात जास्त येणारं कारण म्हणजे आधीचा आजार लपवला. आईच्या बाबतीत मी काळाचौकीला आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या कपाटात आईचं जुनं कार्ड होतं, कडा फाटलेलं, निळ्या शाईतलं. मार्च २०१९ ला पॉलिसी घेतली त्या महिन्यात रक्तदाब १२८/८२. २०२० मध्येही नॉर्मल. रक्तदाबाची पहिली गोळी, अम्लोडिपिन, ऑक्टोबर २०२१. डॉक्टरांनी त्या कार्डाची प्रत साक्षांकित केली आणि लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या. हॉस्पिटलमधल्या हृदयरोगतज्ज्ञांनी 'मूळ नोंद एक वर्ष अशी वाचावी' असं पत्र दिलं. या दोन कागदांवरच आमची केस उभी राहिली.

कोर्टाचा कल दोन्ही बाजूंनी माहीत असू द्या. माहिती दडवली हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे, असं सर्वोच्च न्यायालय २०२४ च्या महाकाली सुजाता निकालात म्हणतं. तुम्ही आजार सांगितला आणि तरी कंपनीने पॉलिसी दिली, तर त्याच आजाराचं कारण पुढे करून तिला मागे फिरता येत नाही, हे २०२१ च्या मनमोहन नंदा प्रकरणात ठरलं. पण माहीत असलेला गंभीर आजार विचारूनही सांगितला नाही, तर दावा जातो. २००९ च्या सतवंत कौर संधू निकालात तसंच झालं. तुमची फाइल कुठल्या रांगेत बसते ते प्रामाणिकपणे ठरवा.

दुसरं कारण पावसाळ्यात फार येतं: 'दाखल होण्याची गरज नव्हती, ओपीडीत भागलं असतं.' डेंग्यूच्या तापात हे हमखास. इथे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि 'ॲडमिशन आवश्यक होतं' एवढं एक वाक्य त्यात पुरत नाही. ताप किती होता, प्लेटलेट कुठल्या दिवशी कितीवर आल्या, उलट्यांमुळे तोंडाने औषध जात नव्हतं का, सलाइनमधून काय दिलं, घरी ठेवलं असतं तर कोणता धोका होता, हे आकड्यांसकट यायला हवं. नर्सिंग चार्टची प्रत जोडा. तापाचा आलेख डॉक्टरांच्या वाक्याहून जास्त वजनदार असतो.

तिसरं कारण खास आपल्याकडचं. शेजारच्या गल्लीतलं दहा खाटांचं नर्सिंग होम, आणि कंपनी म्हणते, '१५ खाटा नाहीत, म्हणून हे हॉस्पिटलच नाही.' पॉलिसीतली हॉस्पिटलची व्याख्या उघडा आणि त्यातला 'किंवा' शोधा. ठरलेल्या व्याख्येत दोन मार्ग आहेत: संस्था क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली किंवा त्याच्या परिशिष्टातल्या कायद्यांखाली नोंदणीकृत असावी, किंवा खाटा, नर्स, डॉक्टर, थिएटर वगैरेंच्या किमान अटी पुऱ्या करणारी असावी. त्या परिशिष्टात १९४९ चा मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. म्हणजे महापालिकेकडे त्या कायद्याखाली नोंदणी असेल तर खाटा मोजण्याचा प्रश्न यायला नको. नर्सिंग होमच्या भिंतीवर ते प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असतं. फोटो काढा, मुदत बघा, पत्राला जोडा. वरच्या मजल्यावरच्या एका मुलाच्या डेंग्यूचे ५८,००० रुपये या एका 'किंवा'वर मिळाले. तुमच्या पॉलिसीतली व्याख्या वेगळी लिहिलेली असू शकते, म्हणून आधी ती वाचा.

तक्रारीचं पत्र

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल संकेतस्थळावर असतो. पत्र एका पानाचं ठेवा. मी साधारण असं लिहिते:

'पॉलिसी क्र. अमुक, दावा क्र. तमुक. आपल्या दि. __ च्या पत्रात कलम __ खाली, रक्तदाब १० वर्षांपासून होता हे कारण देऊन दावा नाकारला आहे. हे कारण वस्तुस्थितीला धरून नाही. (१) फॅमिली डॉक्टरांच्या नोंदीनुसार मार्च २०१९ मध्ये रक्तदाब सामान्य होता व पहिलं औषध ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं. प्रत जोडली आहे. (२) मूळ नोंद १ वर्ष अशी असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. दावा रु. __ मंजूर करून विलंबाच्या व्याजासह रक्कम द्यावी. लेखी उत्तर कळवावं.'

विलंबावरचं व्याज मागायला विसरू नका. बँक दरापेक्षा २ टक्के जास्त, असा नियम आहे. कंपनी ते आपणहून देत असल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे.

हीच तक्रार आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही नोंदवा. फोनवर नोंदवायची तर १५५२५५. दोन आठवड्यांत कंपनीने उत्तर द्यायचं असतं. नियामक स्वतः निवाडा करत नाही, तो तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतो. पण तक्रारीला क्रमांक पडतो आणि फाइल वरच्या टेबलावर जाते. आमचं उत्तर बाराव्या दिवशी आलं: 'आधीचा निर्णय कायम.' मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण पुढचं दार त्यानेच उघडतं.

विमा लोकपाल: सांताक्रूझची पायरी

कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. एक वर्षाच्या आत जायचं. फी नाही. वकील चालत नाही, आणि ते तुमच्या फायद्याचं आहे, कारण कंपनीचाही वकील येत नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. तोच विषय कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर मात्र लोकपाल तो घेत नाही.

मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर, जीवन सेवा ॲनेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. आता ठाण्यातही कार्यालय आहे, म्हणून मुलुंड, भांडुप, घाटकोपर, चेंबूरकडच्यांनी आपला वॉर्ड कुठे येतो ते लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर आधी बघावं. तक्रार ऑनलाइनही करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होते.

आमची सुनावणी वीस-बावीस मिनिटांची झाली. कंपनीच्या डॉक्टर बाईंनी केस पेपरची झेरॉक्स दाखवली. तिच्यात तो गोल खरोखरच शून्यासारखा दिसत होता. मी मोबाइलवर मूळ कागदाचा मोठा केलेला फोटो दाखवला. त्यात एकचा आकडा गडद होता आणि गोल अर्धवट, फिकट. मग फॅमिली डॉक्टरांचं कार्ड पुढे केलं. लोकपालांनी एकच प्रश्न विचारला, "पॉलिसीच्या आधीचं या रक्तदाबाचं एखादं प्रिस्क्रिप्शन कंपनीकडे आहे का?" नव्हतं.

सुनावणीला जाताना तीन गोष्टी तयार ठेवा: तारखांचा एक पानी क्रम, वादाचं कलम पिवळं करून, आणि उत्तराचा पुरावा सगळ्यात वर. आजाराची कहाणी सांगत बसू नका, त्यांनी फाइल वाचलेली असते. कागद पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो. तो कंपनीवर बंधनकारक असतो आणि तिने ३० दिवसांत पाळायचा असतो. नाही पाळला तर रोज ५,००० रुपये दंड, आणि तो तक्रारदाराला मिळतो. आम्हाला न मिळणाऱ्या वस्तू वगळून २,६१,००० रुपये मिळाले.

ग्राहक आयोग

लोकपालाचा निवाडा तुमच्या विरुद्ध गेला तरी तुमचा रस्ता बंद होत नाही, आणि थेट आयोगात जाण्याचीही मुभा आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. जिल्हा आयोगाची ५० लाखांची मर्यादा २०१९ च्या कायद्याखाली तुम्ही भरलेल्या प्रीमियमवर मोजतात, म्हणून मेडिक्लेमची जवळपास प्रत्येक तक्रार तिथेच बसते. ही रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. मानसिक त्रासाची आणि खर्चाची भरपाई मागायची असेल तर ही जागा. वेळ मात्र लागतो, वर्षं जाऊ शकतात. एकट्याने जमत नसेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारखी १९७५ पासून काम करणारी संस्था आहे.

वाढत्या प्रीमियमचं काय करायचं

मुंबई बहुतेक कंपन्यांच्या सगळ्यात महाग झोनमध्ये येते. म्हणून काही जण गावचा पत्ता देऊन पॉलिसी घेतात. चिपळूणच्या माझ्या दिरांची पॉलिसी खरोखरच गावची होती, बायपास मात्र मुंबईत झाली आणि झोनमुळे २० टक्के को-पे लागला. गावाकडच्या आईवडिलांना उपचारासाठी इथेच आणणार असाल तर झोनचं कलम आधी बघा.

नूतनीकरणाची नोटीस आली की जीएसटी तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवर तो शून्य आहे, पूर्वी १८ टक्के होता. ज्येष्ठ नागरिकांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करायची, असा आदेश ३० जानेवारी २०२५ चा आहे. त्याहून जास्त वाढ दिसली तर बीमा भरोसावर विचारा. आणि आधी दावा केला होता म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही.

परवडत नाही म्हणून पॉलिसी सोडून देऊ नका, सगळा प्रतीक्षा काळ आणि ती ५ वर्षं पुन्हा शून्यापासून सुरू होतात. मूळ पॉलिसी लहान ठेवून वर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोडपॉलिसी, घेणं पुष्कळदा स्वस्त पडतं. घरात कुणी ७० किंवा त्याहून जास्त वयाचं असेल तर सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ५ लाखांचं संरक्षण उत्पन्नाची अट न घालता मिळतं आणि खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं.

कंपनीच बदलायची असेल तर पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो. नवी कंपनी नकार देऊ शकते, म्हणून तिचं लेखी उत्तर येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद करू नका. झालेला प्रतीक्षा काळ सोबत येतो. आम्ही आईची पॉलिसी अशीच दुसरीकडे नेली. एजंट म्हणाला, "ताई, मी भरतो फॉर्म." मी त्याच्याकडून पेन घेतलं आणि आजारांच्या तक्त्यात स्वतः लिहिलं: उच्च रक्तदाब, ऑक्टोबर २०२१ पासून. अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. अँजिओप्लास्टी, नोव्हेंबर २०२२, एक स्टेंट. आकडे अक्षरांतही लिहिले.